खर्र्याच्या कॅन्सरसाठी कोणता उंदीर?

खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. त्याने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या मेडिकल कॉलेजात काम सुरू करायचं म्हटलं की पहिला मोह माणसाच्या पेशींचा होतो. न्यूड म्हणजे बिनकेसाच्या उंदराच्या कातडीखाली त्या वाढतातही. पण त्या उंदरात प्रतिकारशक्तीच्या टी पेशीच नसतात. एनएसजी या दुसऱ्या जातीच्या उंदरात तर प्रतिकारशक्तीच्या बी आणि एनके पेशीही नाहीत. रुग्णाची गाठ लावली तरी एका उंदरातून दुसऱ्यात नेण्याच्या काही फेऱ्यांत तिच्यातल्या माणसाच्या आधारपेशी जाऊन उंदराच्या येतात. औषधाने कॅन्सरपेशी मरतात का, एवढंच पाहायचं तर चालेल. गाठीभोवतीची प्रतिकारशक्ती हाच प्रश्न असेल तर हा नाद सोडा.

उरतात दोन पद्धती, दोन्ही शाबूत प्रतिकारशक्तीच्या सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या उंदीरजातीत.

एमओसी पेशी (उंदराच्याच तोंडाच्या कॅन्सरच्या) टोचणं: एमओसी-१ सावकाश वाढते, तिच्यात सीडी-८ म्हणजे मारक टी पेशी शिरतात. एमओसी-२ झपाट्याने वाढून लसिकाग्रंथींत पसरते, सीडी-८ मोजक्याच. कातडीखाली एमओसी-२ च्या १ लाख पेशी पुरतात, एमओसी-१ ला २० लाखांच्या पुढे लागतात. कातडीखाली मोजमाप सोपं, पण तिथे तोंडाचं अस्तर कुठून येणार? जिभेत टोचलं तर जागा खरी मिळते. मात्र उंदीर खाणं सोडतो. मऊ खाद्य द्या, रोज वजन घ्या, २० टक्के घटलं की थांबा.

पाण्यातून ४-एनक्यूओ (कॅन्सर घडवणारं रसायन): मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, १६ आठवडे; मग ६ ते ८ आठवडे साधं पाणी. बाटली काळी, द्रावण दर आठवड्याला नवं. पिंजऱ्यातला भुसाही विषारी समजायचा. चट्ट्यापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास इथेच दिसतो. पण गाठी बहुतेक जिभेवर येतात, खर्रा खाणाऱ्याला गालात. आणि सुपारीने तोंड आखडतं तो फायब्रोसिस यात मिळत नाही.

आता आपला उन्हाळा. २२ अंशांना उंदराला थंडी वाजत असते. ३० अंशांना ठेवलं तर टी पेशी जोमात येतात, गाठी हळू वाढतात. मे महिन्यात लाईन गेली, एसी बंद पडून खोली ३० वर गेली, की उंदीर जगतील, पण डिसेंबरच्या बॅचशी तुलना संपली. एमओसी-२ तीन-चार आठवड्यांत आटोपते, दिवाळी ते होळी दोन फेऱ्या आरामात बसतात. ४-एनक्यूओ पोळ्याच्या सुमारास सुरू करा, नाहीतर शेवटचे आठवडे उन्हात सापडतात. हात बसलेला नसेल तर आधी एमओसीच घ्या.

गाठ १००० घनमिलिमीटरच्या आत काढा, पुढे मधला भाग सडतो. पेशी सुट्या करायला कोलॅजिनेज आणि डीएनेज ही विकरं (एन्झाइम), ३७ अंश, ३० ते ४५ मिनिटं, मग ७० मायक्रॉनची जाळी. ट्रिप्सिन हे विकर वापरू नका. त्याने पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणाच कापल्या जातात, आणि त्या खुणांवरून पेशी ओळखून मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत पेशी नाहीतच असं वाटतं.