लॉक जाम नव्हतंच, चाक अडलं होतं : 18,400 रुपयांचा चुना

हायवेवर माझ्या पिकअपचं स्टेअरिंग लॉक झालं आणि फिटरनं ‘कॉलम जाम’ म्हणून बिल लावलं. आधी आकडा सांगतो, कारण घरी तो सांगायलाच चार दिवस लागले. स्टेअरिंग कॉलम (स्टेअरिंगचा दांडा आणि त्याभोवतीची नळी) 11,500, लॉक सेट 2,800, मजुरी 3,000, क्रेन 1,100. एकूण 18,400 रुपये. सगळं वहीच्या फाडलेल्या पानावर, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. त्यातलं क्रेननं तीनशे मीटर ओढलं तेवढंच खरं. बाकी एकही काम झालेलं नाही.

हायवेवरच्या गॅरेजवाल्यांचे धंदे काय नवीन आहेत? एक पंक्चर असताना चार दाखवायचे, सीलवर स्वतःच ऑइल ओतून ‘गळतंय बघा’ म्हणायचं. हे सगळं मला पाठ आहे. 2008 चा पिकअप सोळा वर्षं स्वतः चालवतोय, छोटी कामं हातानं करतो. तरी गंडलो.

नाशिकहून वाशीला टोमॅटो, साठ क्रेट, म्हणजे बाराशे किलो. कसारा घाट उतरल्यावर चहाला थांबलो. जागा उताराची, म्हणून डावं पुढचं चाक सिमेंटच्या ठोकळ्याला वळवून टेकवलं आणि किल्ली काढली. दहा मिनिटांनी किल्ली फिरेना, स्टेअरिंग हलेना.

असं झालं की आत काय होतं ते समजून घ्या. किल्ली काढली की लॉकमधला स्प्रिंगवरचा खटका स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत पडतो. चाक ठोकळ्याला दाबलेलं, वर भरलेल्या गाडीचं वजन, टायर पिळलेला. तो पीळ सुटू बघतो आणि दांडा खटक्याला एका बाजूनं रेटून धरतो. खटका दाबला गेला की मागे सरकत नाही, आणि तो सरकल्याशिवाय किल्ली फिरत नाही. लॉक शाबूत, कॉलम शाबूत, फक्त रेटा. स्टेअरिंग एका बाजूला अजिबात हलणार नाही, दुसऱ्या बाजूला दोन बोटं हलेल. जिकडं हलतं तिकडं दोन्ही हातांनी ओढून धरायचं आणि दुसऱ्यानं किल्ली हलक्या हातानं फिरवायची. जोर स्टेअरिंगवर, किल्लीवर नाही. किल्लीवर जोर दिला तर ती मानेपाशी तुटते आणि मग खरंच खर्च. तरीही सुटलं नाही तर मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकवर उचला. टायरचा पीळ गेला की लॉक आपोआप मोकळं.

हे मला माहीत होतं. पण रात्रीचे सव्वादोन, पहाटे बाजाराला पोचायचं, एकटा माणूस, हातात मोबाइलची बॅटरी. ठोकळ्याकडं लक्षच गेलं नाही. मी किल्लीच हलवत बसलो. चहावाल्यानंच ‘ओळखीचा फिटर’ बोलावला. (चहावाल्याचा ओळखीचा फिटर! इथंच उठून जायला हवं होतं.)

फिटरनं स्टेअरिंगला एक हिसका दिला, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘कॉलम आतून जाम झालाय शेठ, जबरदस्ती केली तर दांडा तुटेल.’ किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग त्याचाच क्रेनवाला आला, पुढची बाजू उचलली, आणि चाकं अधांतरी झाली तशी स्टेअरिंगमधून ‘टक्’ असा आवाज आला. स्वच्छ ऐकला मी. दांडा खटक्यावरून सुटल्याचा आवाज होता तो. त्या क्षणी किल्ली घातली असती तर लोण्यासारखी फिरली असती, 1,100 रुपयांवर भागलं असतं. मी विचारलंसुद्धा, ‘हे काय वाजलं?’ तो म्हणाला, ‘तेच तर, आत तुटलंय.’ आणि मी मान डोलावली. अजून रात्री तो ‘टक्’ ऐकू येतो.

पुढं गॅरेजवर मला ‘चहा घ्या, दोन तास लागतील’ म्हणून बाहेर बसवलं. आपली गाडी उघडी असताना चहाला जाऊ नका, भले मालाची वाट लागो. कॉलम खरंच बदलायचा तर बॅटरीची निगेटिव्ह सोडावी लागते, स्टेअरिंगचा नट काढून पुलर नावाच्या हत्यारानं ते ओढून काढावं लागतं, इंडिकेटर-वायपरचा स्विच सुटा करावा लागतो, खालच्या युनिव्हर्सल जॉइंटचा बोल्ट, डॅशखालचे ब्रॅकेट, लॉकच्या वायरी. लॉक ज्या बोल्टांनी आवळलेलं असतं त्यांची डोकी कंपनीतच तोडलेली असतात, म्हणजे ते छिन्नीनं उलटे ठोकत काढायचे नाहीतर ड्रिल मारायचं. ठोकल्याचा आवाज येतोच. मला अडीच तासांत एकही ठोका ऐकू आला नाही.

किल्ली तीच कशी, हेही विचारलं होतं. ‘नव्या लॉकमध्ये तुमचंच जुनं बॅरल, म्हणजे किल्ली जाते तो भाग, टाकलं, नाहीतर दाराला वेगळी किल्ली लागली असती.’ होऊ शकतं असं, म्हणून गप्प बसलो. जुना कॉलम मागितला तर म्हणे नव्याच्या बदल्यात दुकानदाराला गेला. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मी दुसऱ्यांना सांगत फिरायचो.

भिवंडी बायपासपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. माझं स्टेअरिंग सरळ रस्त्यावर किंचित डावीकडं तिरकं असतं. कॉलम बदलून ते तेवढंच तिरकं? घरी येऊन स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडलं. कॉलमवर नुसता काळा स्प्रे मारलेला, तोही ग्रीस आणि धुळीवरून. आणि वायरींवर मी स्वतः गुंडाळलेली लाल टेप, अर्धी काळी रंगलेली. टेप न सोडता कॉलम निघूच शकत नाही.

आमच्या वायरमननं बॅरल साफ करून 150 रुपये घेतले. किल्ली खरंच जड फिरत असेल तर आधी कपाटातली न वापरलेली दुसरी किल्ली लावून बघा. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली डुप्लिकेट झिजलेलीच निघते. बॅरलमध्ये इंजिन ऑइल ओतू नका, धूळ धरून आतल्या पत्त्या चिकटतात. ग्राफाइट पावडर टाका. किल्ली फिरते, डॅशचे दिवे लागतात, पण सेल्फ मारत नाही? मग लॉक बघण्याआधी बॅटरीच्या तारा आणि लॉकमागचा इलेक्ट्रिक स्विच तपासा. बऱ्याच गाड्यांत तो दोन स्क्रूंवर सुटा मिळतो. किल्ली पूर्ण फिरूनही स्टेअरिंग सुटत नसेल तरच लॉकची बॉडी उघडायची.

आता तक्रारीचं. पहिल्या पोलीस ठाण्यात : ‘घटना आमच्या हद्दीतली नाही.’ त्या हद्दीतल्या ठाण्यात गेलो, एक दिवस आणि 1,400 चं डिझेल घालून : ‘तुम्हीच काम सांगितलं, तुम्हीच पैसे दिले, हा दिवाणी मामला.’ टेपचे फोटो दाखवले तर हवालदार म्हणाला, ‘एवढं कळतंय तर फसलात कसे?’ साहेब, हाच प्रश्न मी स्वतःला विचारतोय, उत्तर द्यायला आपण बसला आहात ना? शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि हाकलून दिलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते आणि फसवून पैसे काढणं दखलपात्र आहे, हे छापून नेलं होतं. कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर वेगळीच तऱ्हा : ‘गाडी भाड्याची, म्हणजे व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही.’ खोटं आहे हे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर 2019 च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच आहात. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. लेखी नकार मागितला तसा अर्ज घेतला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रारीचा नंबर घेऊन ठेवा, आणि पैसे यूपीआयनंच द्या. मी 15,000 यूपीआयनं दिले, 3,400 रोख. गॅरेजवाला आता म्हणतो 15,000 हे ‘उसने परत केले’ होते.

आयोगातली पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे. लाल टेप तशीच ठेवली आहे, कव्हर उघडंच आहे.