मिनी काश्मीर, अर्थात तापोळा: एक परीक्षण

महाबळेश्वराहून घाटवळणे घेत सुमारे २५ किलोमीटर खाली उतरेपर्यंत ‘मिनी काश्मीर’ हे शब्द इतक्या पाट्यांवर वाचायला मिळाले, की ऐन वैशाखात सोबत स्वेटर न आणल्याची मला क्षणभर चुटपुट लागली.

उसन्या उपमांची आपल्याकडे जुनी हौस आहे. आंबोली ही महाराष्ट्राची चेरापुंजी, म्हैसमाळ हे मराठवाड्याचे महाबळेश्वर, महाबळेश्वराच्या पायथ्याचा तापोळा हे काश्मीर, आणि खुद्द काश्मीरला भारताचे स्वित्झर्लंड म्हणण्याची पद्धत आहेच. तेव्हा म्हैसमाळकरांनी मधले सगळे दलाल टाळून थेट झुरिचशी बोलणी करायला काहीच हरकत नाही.

तापोळ्यात बर्फ नाही, चिनार नाही आणि शिकाराही नाही. जे आहे त्याचे नाव शिवसागर, म्हणजे १९६४ साली पूर्ण झालेल्या कोयना धरणाचा फुगवटा. कोयना आणि सोळशी यांच्या खोऱ्यांत शिरलेले हे पाणी डोंगरांच्या सोंडांमधून असे आत-बाहेर वळत जाते, की होडीतून पुढचा काठ नेमका कुठे संपतो ते शेवटपर्यंत कळत नाही. या पाण्याखाली गावे, शेते आणि देवळे गेली आहेत. पाटीवर मात्र त्याची ओळही नाही, कारण बहुधा काश्मीरने सगळी जागा व्यापली असावी.

तक्रार एकच, पण मोठी आहे. उन्हाळ्यात पाणी बरेच खाली जाते, तांबूस उघडे काठ दिसू लागतात आणि होडीपर्यंत चिखल तुडवत उतरावे लागते. नावाड्याला मी विचारले, “काश्मीर कुठं आहे?” तो शांतपणे म्हणाला, “बोर्डावर हाय की, साहेब. पाणी बघायचं तर दिवाळीला या.” एवढा प्रामाणिक सल्ला कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही. जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर जाण्याचा बेत असेल, तर वनखात्याची परवानगी आणि अख्खा दिवस हाताशी ठेवावा. दुपारी जेवून निघणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पाण्याला पाचपैकी साडेचार गुण, उपमेला एक. उरलेला अर्धा गुण माझ्या चपलेसकट चिखलात राहिला.