पेपर बंद करून मोबाईलवर भागेल का?

महिनाअखेरीला पेपरवाल्याचं बिल आलं की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. सगळं फोनवर येतंच, मग रोजची रद्दी कशाला? तुमच्याकडेही निर्णय अडला असेल, तर पैशाचा हिशेब जरा बाजूला ठेवा. बातमी चुकली तर ती दुरुस्त कोण करणार आणि त्याला गाठायचं कुठे, हे आधी बघा.

आजच्या पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी नजर टाका. बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, छपाईचा पत्ता आणि बातम्यांच्या निवडीला जबाबदार असलेल्या संपादकाचं नाव दिसेल. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली. बदनामी झाली तर त्या नावावर नोटीस जाते, वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, फक्त ताशेरे ओढते, हे खरं. तरी चुकीला एक दार असतं आणि ते ठोठावता येतं.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही नाव असतं, पण ते पाठवणाऱ्याचं. माझी आई एखाद्या घरगुती औषधाचा मेसेज वाचून दाखवते तेव्हा मी विचारतो, "कुणी लिहिलंय?" ती म्हणते, "मावशीने पाठवलंय." मावशीवरचा चाळीस वर्षांचा विश्वास त्या अनोळखी मजकुराला आपोआप मिळतो. फोनवरच्या मजकुराची खरी ताकद मला इथे दिसते, आणि भीतीही इथेच वाटते.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार होता. तिथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. मुलं पळवल्याच्या अफवा तेव्हा देशभर मोबाईलवर फिरत होत्या. त्या दिवसांत फिरलेली एक क्लिप मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मची होती. मूळ फिल्ममध्ये मोटरसायकलवाला मुलाला उचलून नेतो, पुन्हा आणून सोडतो आणि मुलांना जपा असा संदेश देणारा फलक दाखवतो. तो शेवट कुणीतरी कापला. कापणाऱ्याचं नाव कुठल्याच पानाच्या तळाशी छापलेलं नव्हतं. शिवाय व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, त्यामुळे आत काय लिहिलंय हे कंपनीलाही दिसत नाही. मग दुरुस्ती कुणी करायची? त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते, ती घरातल्या मोठ्यांना बोट ठेवून दाखवा.

अफवेला मोबाईल लागतोच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली. पण देवळापुढच्या रांगा सगळ्यांना दिसत होत्या, आणि त्यामागचं पृष्ठताणाचं, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो हे कारण वैज्ञानिकांनी तितक्याच उघडपणे समजावलं. ग्रुपवरची अफवा शेजारच्या घरात पोचलीय की नाही, हेही आपल्याला कळत नाही.

आता पेपरची बाजू फार उजळ करून सांगणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमी म्हणून छापल्याचे आरोप आपल्याच राज्यातल्या पेपरांवर झाले. वाचकाचा तो विश्वासघात मी विसरलेलो नाही. आणि वेगात तर पेपर हरतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी चढत असताना कुठला रस्ता बंद झाला, बोट कुठे हवी, यासाठी उद्याच्या अंकाची वाट कोण बघणार?

यूट्यूबबद्दल थोडक्यात. एक व्हिडिओ बघितला की त्याच धाटणीचे पुढचे समोर येतात, आणि सगळं जग तसंच म्हणतंय असं वाटू लागतं. पेपरात नावडती बातमीही शेजारच्या रकान्यात असते, पान उलटताना ती नजरेखालून जाते.

म्हणून माझं मत असं. घरात दिवसभर एकटी असणारी वयस्कर माणसं असतील तर पेपर बंद करू नका. तुम्ही तरुण असाल आणि कागद नकोच असेल, तर पेपरचं ॲप किंवा ई-पेपर स्वतः उघडून वाचा, कुणी पाठवलेल्या कात्रणावर राहू नका. नळाचं पाणी, वीज, एसटी, बाजारभाव यांसाठी ग्रुप खुशाल ठेवा. मुलं, आजार किंवा धर्म यांबद्दलचा दोन बाणांचा मेसेज मात्र पेपरात येईपर्यंत पुढे पाठवू नका. बिलच जड जात असेल तर दोन घरांत एक अंक घ्या. आमच्या मजल्यावर तो दहापर्यंत आमच्याकडे असतो, नंतर समोरच्या काकांकडे.