बेळगाव-शहापूरचं बॅनरचं दुकान: मराठी-कन्नड दोन्ही नीट मिळतं

निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचा. बेळगावात बॅनर छापणारे गल्लोगल्ली आहेत, पण मराठी आणि कन्नड दोन्हीला सारखीच काळजी घेणारे मला हेच भेटले. डिसेंबर २०२० च्या ग्रामपंचायतीला माझ्या जाऊबाई महिला राखीव जागेवर उभ्या होत्या (आपल्याकडे निम्म्या जागा बायकांना आहेत), तेव्हाचं सगळं काम इथंच केलं.

आधी दुसरीकडे गेलो होतो. तिथल्या प्रूफमध्ये भावजींचा हात जोडलेला फोटो हा एवढा मोठा आणि उमेदवार बाई कोपऱ्यात पासपोर्ट साईझमध्ये! मला फार राग आला. याच जिल्ह्यातून लक्ष्मी हेब्बाळकर, शशिकला जोल्ले आमदार झाल्या, त्यांचे चेहरे चौकाचौकात दिसतात, मग गावातल्या बाईनं नवऱ्याच्या आडोशाला का राहायचं? शहापूरच्या अण्णांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, तुमचा एकटीचा चांगला फोटो हाय काय?" नव्हता. मग मागच्या खोलीत पडदा लावून त्यांनीच काढून दिला, पदर नीट घ्यायला, सरळ बघायला सांगून. भावजींचं नाव खाली शुभेच्छुकांत गेलं.

कन्नड कंपोझ करायला तिथं एक मुलगी आहे, तिचं काम बघण्यासारखं. बाकी ठिकाणी नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेलं कोरलमध्ये (डिझाईनचं सॉफ्टवेअर) घेताना फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं तुटतात, ते तसंच छापून देतात, आम्हाला वाचता येत नाही म्हणून कळतही नाही, आणि कन्नड मतदार मात्र बघून नाराज होतो. ही मुलगी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवते. मराठीतही येळ्ळूर गावाच्या नावातला ळ्ळ पाय मोडून छापलेला चालवून घेत नाहीत, परत करतात.

वरच्या पट्टीत कुणाचे फोटो घ्यायचे यावरून आमच्यात बरंच वाजलं. २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक प्रशासनानं हटवला तेव्हा लाठ्या खाल्लेली माणसं आमच्या ओळखीत आहेत, आपल्याकडे पाटीचा विषय कुणीच हलक्यात घेत नाही. शेवटी जाऊबाईंनीच ठरवलं, महाराज आणि बाबासाहेब मध्ये, एका बाजूला जिजाऊ, दुसऱ्या बाजूला कित्तूरची राणी चन्नम्मा. माझ्या मते तो बॅनर अख्ख्या पंचायतीत सगळ्यात देखणा होता, आणि मराठी असणं, भारतीय असणं यातलं काहीच त्यात कमी पडलं नाही.

२०१६ पासून कर्नाटकात प्लास्टिक फ्लेक्सवर बंदी आहे, म्हणून हे कापडावरच छापतात, शिलाई आणि दोरीला कड्या धरून. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता न सांगता टाकतात. दुकानाच्या पाट्याही करतात, पाटीवर ६० टक्के कन्नड हवं या नियमात बसवून खाली मराठी लांबून वाचता येईल एवढी ठेवतात.

तक्रार दोनच. रेट बाजारापेक्षा थोडा जास्त, आणि चिन्हं वाटली की गर्दी उसळते, मग फोन उचलत नाहीत, आमचे बॅनर सकाळी देतो म्हणून रात्री दिले, प्रचाराचा अख्खा दिवस गेला. तरी पाचपैकी साडेचार. फोटो आणि कन्नड मजकूर अर्ज भरायच्या आधीच फायनल करून ठेवा, चिन्ह मिळालं की तेवढंच टाकायचं राहतं.