पन्नाशीच्या नवऱ्याला उडी कुठून मारायला लावायची?

आमच्याकडं निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख. आमच्या यजमानांच्या आधार कार्डावरही तीच आहे. सासूबाई मात्र ठाम सांगतात, "येळवशीच्या दुसऱ्या दिवशी झालाय. आंबिलाचं मडकं घासायचं राहिलं होतं माझं." म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत कधीतरी.

गुपचूप साहस-सहल आखायला बसलात तर पहिलं काम हेच. खरा वाढदिवस शोधा आणि मग महिना बघा. १ जून धरून बसले असते तर माझी अर्धी यादी तिथंच खोडली गेली असती. पावसाळ्यात कामशेतचं पॅराग्लायडिंग बंद, मालवणचं स्कूबा (हवेची टाकी लावून समुद्रात बुडी) बंद, सांदण दरीत पाणी भरलेलं, ऋषिकेशला गंगा फुगलेली म्हणून जुलै-ऑगस्टात राफ्टिंग बंद. पोळ्याच्या आसपास जन्मलेल्या माणसाला साहस द्यायचं तर कोलाडच्या राफ्टिंगवाचून फारसा पर्याय उरत नाही.

दुसरं बघायचं ते सुट्टीचं. आमचं लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकान. दसऱ्यापासून सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवाळीत सुद्धा हे घरी जेवायला नीट येत नाहीत, आणि जानेवारी सरता सरता तूर दाराशी येते. मधल्या फटीत येळवस येते, म्हणून जमलं. तुमच्याकडं शाळा असेल, दवाखाना असेल, ऊस असेल. फट कुठं आहे ती तुम्हालाच ठाऊक.

सासूबाईंना पन्नाशीची वैष्णवी शांत करायची होती, माझ्या डोक्यात दोर-दरी होती. शेवटी दोन्ही झालं. पण दरीपर्यंत पोचायला मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत काय काय तोलून बघितलं, ते सांगते.

आधी माणूस ओळखा

यजमान पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. अजूनही गावाकडं गेले की कठड्यावरून मुटका मारल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. अशा माणसाला थरार आवडतो हे सांगायला जाणकार लागत नाही. पण थरार दोन जातीचा असतो, हे मला उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर ते कामशेतला पॅराग्लायडिंग करून आले. मला वाटलं, स्वारी हवेत असेल. तर म्हणाले, "नुस्तं बसून आलो की गं. चालवणारा मागं, मी म्हंजी फुडं बांधलेलं पोतं." मालवणलाही तेच झालं. पाण्याखाली मासे बघून मी हरखून गेले आणि यांची तक्रार अशी, की "तो पोरगा हातच सोडंना."

म्हणजे एक थरार पाहुण्यासारखा मिळतो. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सगळं असतं आणि आपण डोळे भरून बघायचं. टँडेम (म्हणजे चालवणाऱ्यासोबत जोडीनं) पॅराग्लायडिंग, पहिल्यांदाचं स्कूबा, झिपलाइन ही सगळी त्यातली. दुसरा थरार स्वतःच्या हातापायांनी मिळवावा लागतो. वल्हं मारायचं, दोरावरून उतरायचं, कड्यावरून पाऊल आपलं आपण उचलायचं. तुमचं माणूस कुठल्या जातीचं आहे हे कळलं की निम्मी तुलना तिथंच संपते. पैसे आणि अंतर त्यानंतर बघा.

कामशेत की बीर

दोन्हीकडं आकाशच, पण लातूरकराला कामशेत फार सोपं. रात्री लातूर-मुंबई गाडीत बसायचं, पहाटे पुण्याला उतरायचं आणि लोणावळा लोकल धरायची. ती कामशेतला थांबते. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पवना धरणाच्या बाजूचे डोंगर, खाली पाणी, टँडेमला दहा-पंधरा मिनिटं. मात्र वाऱ्याचा भरवसा नाही. वारा पडला किंवा उलटा फिरला की टेकडीवर शेंगा खात बसायचं, म्हणून एक दिवस जादा धरून ठेवा.

बीर बिलिंग हिमाचलात, कांगडा जिल्ह्यात. बिलिंगचं उड्डाणस्थळ सुमारे २४०० मीटरवर आणि उतरायचं बीरला, जवळपास हजार मीटर खाली. २०१५ साली तिथं पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला होता. समोर धौलाधारच्या रांगा. बघणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोठी भेट माझ्या यादीत नव्हती. पण उत्तम हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. आमची येळवस नेमकी थंडीत, आणि दिल्लीपुढं आणखी एक रात्र बसमध्ये काढायची. एवढं करून पुन्हा पोतंच व्हायचं.

यादी करता करता एक गोष्ट हाती लागली. कामशेतला टँडेमखेरीज शिकवणीही असते. तीन-चार दिवसांत छोट्या टेकडीवरून एकट्यानं उडायला शिकवतात. आधी नुस्तं छत्र उचलून जमिनीवर पळायचं, घाम गाळायचा, मग पाय सुटतात. स्वतः करणाऱ्या माणसाला पन्नाशीची भेट म्हणून मी टँडेमपेक्षा हे शंभर वेळा आधी देईन. आमच्याकडं सलग चार दिवस दुकान बंद ठेवणं बसलं नाही, एवढंच.

ऋषिकेश

आमच्या पुतण्याचा हट्ट होता की काकांना बंजीच द्यायची, म्हणजे लवचिक दोर बांधून उंचावरून उडी. मोहनचट्टीला ८३ मीटरवरून उडी आहे, आणि पाऊल स्वतः उचलावं लागतं. म्हणजे आमच्या माणसाच्या जातीची. शिवाय शिवपुरीपासून खाली सोळा-एक किलोमीटरचं राफ्टिंग, गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर असल्या नावांचे धबडगे. कोलाडपेक्षा हे पाणी दांडगं.

जाण्याचा हिशेब मात्र वेगळा. नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोचते. या गाडीला वाटेत लंगरचं जेवण मिळतं. ताट-वाटी बरोबर ठेवायची. खरं सांगायचं तर प्रवासातला हा भाग मलाच बघायचा होता. पण लातूरहून आधी नांदेड किंवा परभणी गाठा, दिल्लीहून पुढं अडीचशे किलोमीटर जा, डिसेंबरात उत्तरेच्या धुक्यानं गाड्या अडकतात, आणि गंगेचं पाणी हाडं गोठवणारं. सहा दिवस तरी जातात, आणि सहा दिवस घरातून हलायचं तर गुपित राहत नाही.

बंजी खोडली ती मात्र वेगळ्याच कारणानं. रक्तदाब, हृदय, पाठीचा मणका, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर उडी देत नाहीत. वजनालाही खाली-वर मर्यादा आहे, तिथं काट्यावर उभं करतात. यांना रोज सकाळी रक्तदाबाची गोळी आहे. तिशीच्या वाढदिवसाला जो प्रश्न कुणी विचारत नाही, तो पन्नाशीला पहिला विचारावा लागतो. नाहीतर दोन दिवस गाडीत काढून माणसाला फॉर्मवर सही करताना परत फिरावं लागेल. मला विचाराल तर गुपित जागेचं ठेवावं, तब्येतीचं नाही. मी "दुकानातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घेऊ" म्हणून हमालांसकट सगळ्यांचं रक्त-लघवी तपासून आणलं. खर्च झाला, पण संशय आला नाही.

परदेशात जाऊन विमानातून उडी मारायची कल्पनाही निघाली होती. पासपोर्टसाठी पोलीस घरी चौकशीला आले असते, आणि त्यांच्यापुढं मी काय सांगणार होते?

मालवण

लातूरहून सोलापूर, कोल्हापूर आणि घाट उतरून सुमारे पाचशे किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीला स्कूबा चालतं. राज्याच्या पर्यटन महामंडळाचं (एमटीडीसी) प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीला आहे. पोहता येत नसलं तरी चालतं. तोंडानं श्वास घ्यायचा, नाक दाबून कानातला दाब काढायचा, एवढं जमलं की झालं. सर्दी असेल तर मात्र उतरू नका, कान दुखून येतो. दमा असेल तर आधी डॉक्टर. बुडी मारून आल्यावर बारा ते अठरा तास विमानात बसत नाहीत. लगेच उंच घाट चढायचीही घाई नको, म्हणून बुडी सकाळी आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी असं ठेवा.

थंडीत पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. ज्यांना मुलं-बाळं, सासू-सासरे सगळ्यांना घेऊन जायचंय, त्यांनी डोळे मिटून मालवण निवडावं. एकटा समुद्रात, बाकीचे वाळूत, संध्याकाळी सगळ्यांना सुरमई. माझी पन्नाशी आली की मला तिथंच न्यावं, हे मी या निमित्तानं लिहून ठेवते.

कोलाड

कुंडलिका नदीत राफ्टिंग होतं ते वर भिरा वीज प्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर. म्हणून ते जवळपास बारमाही चालतं, आणि म्हणूनच वेळ चुकवून चालत नाही. मुक्काम आदल्या रात्रीच तिथं हवा. पुण्याहून ताम्हिणी घाटानं उतरता येतं. बारा-तेरा किलोमीटरचं पाणी, फार दांडगं नाही, बोटीत प्रत्येकाच्या हाती वल्हं. संथ पाण्यात लाइफ जॅकेट घालून उडी मारून तरंगायला देतात, आणि विहिरीतल्या माणसाला तेवढा भाग आवडतो. पहिल्यांदाच काही करणाऱ्या नवरा-बायकोनं मिळून जायचं तर कोलाड सगळ्यात बरं. आम्ही शाळेतल्या बायका जाऊन आलो होतो. एकीलाही पोहता येत नव्हतं. यांना मात्र ते अर्ध्या तासात संपल्यासारखं वाटलं असतं.

शेवटी सांदण

अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा, आणि पुढं साम्रद. लातूरहून चारशेच्या आसपास किलोमीटर, स्वतःची गाडी असेल तर तीन दिवसांत उरकतं. गावाबाहेर जमीन चिरल्यासारखी भेग आहे, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटी कातळ. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. वाटेत पाण्याचे दोन साठे. एक गुडघाभर, दुसरा हंगामाप्रमाणं कंबर ते छाती. ऊन आत पोचत नाही, त्यामुळं डिसेंबरात ते पाणी काय असतं ते पायालाच विचारा. पुढं टप्प्याटप्प्यानं दोरावरून उतरायचं आणि खाली डेहणे गावाकडं निघायचं.

यात उतरणारा माणूस स्वतः उतरतो. वरून कुणीतरी सुरक्षेचा दोर धरून असतं, पण पाय आपलेच कातळावर टेकवायचे, ब्रेक आपल्याच हातात. म्हणून आमची निवड ही. मात्र पन्नाशीला एक सांगते: दोर छळत नाही, दगड छळतात. दोरावरून उतरणं (रॅपलिंग) मिनिटांत संपतं, पण मोटारीएवढ्या धोंड्यांवरून तासन्‌तास उड्या मारत जायचं असतं. गुडघे दुखत असतील तर पूर्ण दरी उतरू नका. दोराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत साम्रदला या, तेही पुष्कळ आहे. पावसाची शक्यता असेल तर पाऊलही टाकू नका. अनुभवी गट, हेल्मेट आणि गावातला वाटाड्या यात काटकसर नको. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचीही चौकशी केली होती, पण मदनला कातळ दोर लावून चढावा लागतो. ते नव्यानं सुरुवात करणाऱ्याचं काम नव्हे.

ज्यांच्याकडं एकच दिवस आहे त्यांनी देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, विजेरीशिवाय चढून बघावी. वाढदिवसाला पुरेल एवढी छाती धडधडते.

पैशांचं म्हणाल तर सांदण, कोलाड, मालवण यांचा खर्च एकमेकांच्या जवळपास येतो, खरा फरक गाडीभाड्यानं आणि मुक्कामानं पडतो. उत्तरेकडची दोन्ही ठिकाणं दुप्पट-तिप्पट समजा. व्हिडिओचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे घेतात, आधी विचारून घ्या.

माझी चूकही सांगते. नोंदणीच्या फॉर्मवर सहभागी माणसाचा मोबाइल नंबर मागितला होता. मी भोळेपणानं यांचाच दिला. तीन दिवस आधी यांच्या फोनवर संदेश गेला असणार: साम्रद, सकाळी सहा, सुके कपडे, बूट. तुम्ही स्वतःचा नंबर द्या आणि आयोजकाला तोंडीही बजावून ठेवा.

मला मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. येळवशीला शेतात भज्जी-आंबील झालं, दुसऱ्या दिवशी शांत झाली, रात्री गाडी अहिल्यानगरच्या रस्त्याला लागली तरी हे विचारतच होते, "कुठं नेलालीस गं मला?" मी म्हटलं, "अहो, गप बसा, शिर्डीला." दरीच्या तोंडाशी त्यांनी पिशवी उघडली. आत नी-कॅपची जोडी. कोरी, किमतीची चिठ्ठी तशीच.