बॅटरी बदलायची की सेल्फ उघडायचा? जुनी गाडी सुरू होत नसेल तर पैसे कुठे घालावेत

सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखालून नुसती टक-टक-टक आली, की आजूबाजूच्या सगळ्यांचं निदान एकच असतं: बॅटरी गेली. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत हे निदान पुष्कळदा अर्धवट ठरतं. नवी बॅटरी बसते, आठ-दहा दिवस गाडी एका दमात सुरू होते आणि मग पुन्हा तीच टकटक. खरा दोष चार्जिंगमध्ये, गंजलेल्या अर्थिंगमध्ये (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीत) किंवा रात्रभर करंट पिणाऱ्या एखाद्या वायरीत असतो आणि नव्या बॅटरीने तो फक्त काही दिवस झाकलेला असतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर), अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) आणि केबली या चौघांना शेजारी-शेजारी ठेवून तपासा. काहीशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, सँडपेपर आणि जंपर केबल एवढ्यावर भागतं.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या गाड्यांचे आहेत. मारुती ८०० सारख्या छोट्या पेट्रोल गाडीत ३२ ते ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. जीप किंवा पिकअपच्या जातीच्या डिझेल गाडीला त्याच्या दुपटीच्या आसपास लागते.

आधी कान, मग हेडलाइट

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट विझायला येतात आणि रिले मशीनगनसारखा टकटकतो, तर बॅटरीत दम नाही किंवा तिच्या टर्मिनलवर क्लॅम्प नीट बसलेला नाही. लाइट जसेच्या तसे प्रखर, पण एकच दणदणीत ‘खट’ ऐकू येतो, तर सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा विजेचा स्विच) ओढला गेला पण पुढे करंट गेला नाही: सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा सेल्फचे कार्बन (घासून आत करंट देणारे ब्रश) संपलेत. लाइट प्रखर आणि आवाजच नाही, तर इग्निशन स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर बघा. आणि सेल्फ नुसताच सुसाट फिरतो, इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनच्या चक्राशी जोडणारा गिअर) घसरतोय; त्यात बॅटरीचा काही संबंध नाही.

एका जोडीत मात्र फसायला होतं. लाइट एकदम मंद होऊन इंजिन जड-जड फिरतं, हे लक्षण कमजोर बॅटरीचंही आहे आणि बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या) झिजलेल्या सेल्फचंही. बुश झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आत घासतं आणि सेल्फ नेहमीच्या दीडपट-दुप्पट करंट खेचतो. त्यापुढे चांगली बॅटरीही दमते. इथे वेळ बघावी. सकाळी थंड इंजिनला जड आणि तासभर गाडी चालवल्यावर ठीक, तर संशय बॅटरीवर. सकाळी ठीक, पण पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबून गरम इंजिनला सेल्फ मारल्यावर जड, तर संशय सेल्फवर.

बॅटरीचे आकडे

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा, थांबवल्या-थांबवल्या नको. तेव्हा वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहिली, तर सहापैकी एक सेल मेला आहे आणि तिथे चर्चा संपते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घालून बघा: एखाद्या सेलमधली घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच सेल बॅटरीला संपवणार आहे.

रिकामी दिसली म्हणून लगेच बाद ठरवू नका. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ३.५ अँपिअरवर दहा-बारा तास हळू चार्ज करा आणि दोन्ही टर्मिनल काढून रात्रभर ठेवा. तशीच १२.६ ला राहिली, तर बॅटरी शाबूत आहे आणि चोर गाडीत आहे. टर्मिनल काढलेली असूनही सकाळी १२.२ वर आली, तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. एवढ्या एका रात्रीने नव्या बॅटरीचे पैसे वाचू शकतात.

मग सेल्फ मारताना बॅटरीच्या पोस्टवर (शिशाच्या खुंटीवर) व्होल्टेज बघा. १० च्या वर टिकलं तर उत्तम. भरलेली असूनही ९.६ च्या खाली गेलं, तर बॅटरी किंवा जास्त करंट खेचणारा सेल्फ. दोघांपैकी कोण, हे जंपर केबलने दुसरी चांगली बॅटरी जोडून कळतं: तरीही इंजिन जडच फिरलं तर सेल्फ, पण तत्पूर्वी केबली तपासा.

ज्यांच्याकडे कुणी बघत नाही

जुन्या गाडीत पहिला पैसा केबली आणि अर्थिंगमध्ये घालावा, कारण सगळ्यात स्वस्त काम हेच आणि सगळ्यात जास्त फसवणारंही हेच.

पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, डिझेलमध्ये स्टॉप केबल ओढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू न होता फक्त फिरेल. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा; एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती. आकडा ०.५ च्या आत हवा. मग निगेटिव्ह पोस्ट आणि इंजिनचा धातू यांच्यात मोजा: ०.२ च्या आत. छोटा सेल्फ १५० अँपिअर घेत असताना एका जोडावर २ व्होल्ट पडले, तर तिथे ३०० वॉट नुसते उष्णतेत जातात. तो जोड हाताला गरम लागतो.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली अर्थिंगची पट्टी वीस वर्षांत आतून हिरवी पडते, तुटते. मग सेल्फचा करंट परतीला दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होत असेल, तिचं आवरण वितळलं असेल, तर करंट तिच्यातून जातोय. जंपर केबलची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावा. गाडी सटकन सुरू झाली, तर ना बॅटरी हवी ना सेल्फ, हवी ती फक्त पट्टी.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पोस्ट आणि क्लॅम्प आतून सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट करा आणि त्यावर व्हॅसलिन लावा. आधी नाही, जोडाच्या मध्ये व्हॅसलिन नको. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

अल्टरनेटर आणि रात्रीची गळती

इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली: बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खाली असेल तर आधी बेल्ट दाबून बघा, मग अल्टरनेटरचे कार्बन आणि कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). १५ च्या वर असेल तर कटआउट गेलाय. बॅटरीचं पाणी उकळून संपेल आणि नवी बॅटरीही वर्षभरात मरेल. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा चावी दिल्यावर लागतच नसेल तर त्याचा बल्ब बदला. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची पद्धत कृपा करून बंद करा. ती डायनॅमोच्या काळातली. अल्टरनेटरवर बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), कटआउट, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ईसीएमसुद्धा (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतं.

गळतीसाठी चावी बंद करा, दारं लावा, डिक्कीचा दिवा विझलाय ना ते बघा, निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि मधे मीटर १० अँपिअरवर जोडा. (मीटर मधे असताना सेल्फ मारू नका.) ०.०५ अँपिअरपर्यंत ठीक. ०.२ दिसले तर आठवड्याला ३३ अँपिअर-अवर जातात, म्हणजे छोट्या गाडीची आख्खी बॅटरी. एकेक फ्यूज काढत जा. आकडा ज्या फ्यूजला पडतो तिथे शोधा. बाहेरून बसवलेली टेप आणि सेंट्रल लॉक हे नेहमीचे संशयित. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवा. डायोडमधून उलटा करंट जात असेल तर तो तिथे सापडतो.

निर्णय

सेल्फमध्ये फक्त कार्बन, बुश किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट गेले असतील, तर सेल्फ उघडून तेवढंच बदलून घ्या. जुन्या, जड बांधणीच्या सेल्फला हीच दुरुस्ती शोभते. सेल्फच्या बॉडीवर हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर तो फिरत असेल तर कार्बन शेवटचे आहेत, पुढच्या प्रवासाआधी काम करून घ्या. आर्मेचर जळालं असेल तर रिवाइंडिंगपेक्षा पूर्ण सेल्फ बदलणं बरं. बदलताना फ्लायव्हीलच्या रिंगचे दात (ज्यांत सेल्फचा गिअर अडकतो) गाडीची बॅटरी जोडलेली असताना तपासू नका, सेल्फ बाहेर असताना आणि बॅटरी सुटलेली असताना तपासा. दात खाल्लेले असतील तर नवा सेल्फही करकरणार.

बॅटरी बदलायचीच ठरली, तर जुन्या गाडीला झाकणं उघडणारी बॅटरी आम्ही वरची मानतो. बंद बॅटरीला पाणी घालायचा व्याप नाही हे खरं, पण जुना कटआउट जास्त चार्ज देत असेल तर ती मुकाट्याने सुकते. उघड्या बॅटरीत पाणी भराभर खाली जाताना दिसतं आणि वेळेत इशारा मिळतो. पाणी डिस्टिल्डच, प्लेटांच्या थोडं वर. गाडी रोज धावत असेल आणि चार्जिंग १४.२ च्या आसपास स्थिर असेल, तर बंद बॅटरीही निर्धास्त घ्या. क्षमता मात्र गाडीला ठरवून दिलेलीच ठेवा. मोठी बॅटरी गळती थांबवत नाही, फक्त दोन-तीन दिवस पुढे ढकलते. जुनी बॅटरी भंगारात देऊ नका, नवी घेताना दुकानातच परत द्या. तिच्या वजनाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वळते होतात.