घोडी, मेंढरं आणि बदलता उजेड: आरएफ १००-४०० लेन्स आषाढ ते वैशाख वापरल्यानंतर

कॅननची आरएफ १००-४०० एमएम एफ ५.६-८ ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स मी आषाढाच्या तोंडावर घेतली आणि आता वैशाख सरत आलाय. कॅननच्याच आर६ मार्क टू कॅमेऱ्यावर लावून ती वारीतल्या रिंगणात, बेंदराला आणि पोळ्याला, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, धनगरांच्या वाड्यांवर, म्हणजे मेंढरांसोबतच्या फिरत्या मुक्कामांवर, आणि जुन्नर-खेडकडच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर नेली. या लेन्सबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पक्ष्यांच्या फोटोंवरून. घोडी, गुरं, मेंढरं आणि त्यांच्यासोबत राबणारी माणसं टिपायला ती कशी आहे, हे मला शोधूनही नीट वाचायला मिळालं नाही. म्हणून जरा सविस्तर.

मत आधीच सांगते. दिवाळीपासून वैशाखापर्यंत, ऊन असेल तेव्हा, गावाकडच्या जनावरांच्या फोटोंसाठी मला दुसरी लांब लेन्स नको वाटते. पावसाळ्यात आणि दिवेलागणीला मात्र हिच्या एकटीच्या भरवशावर जाऊ नये.

वजन ६३५ ग्रॅम. हाच आकडा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. कॅननचीच महागडी आरएफ १००-५०० एल लेन्स सुमारे १.४ किलोची आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. झाडाखाली बसून पक्ष्याची वाट पाहायची असेल तर ते वजन चालून जातं. पण फलटण-माण भागातून कोकणाकडे निघालेल्या वाड्याबरोबर चालायचं म्हणजे सकाळपासून पायपीट, मध्येच ओढा, मध्येच डांबरी रस्त्यावर मेंढरं आवरायची धांदल. तिथे गळ्यातला कॅमेरा जड झाला की माणूस तो पिशवीत टाकतो आणि नेमकं तेव्हाच घोड्यावरच्या बिऱ्हाडातून कोकराचं तोंड बाहेर येतं. दुसरं म्हणजे ही लेन्स दिसायला साधी, काळी, आखूड आहे. मोठी पांढरी लेन्स काढली की वाड्यावरच्या बाया पदर सारखा करून उभ्या राहतात आणि हातातलं काम थांबतं. हिच्यामुळे काम थांबत नाही. भाकरी थापली जाते, मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, लावली जाते, मी आपली बाजूला असते.

घोड्यांच्या बाबतीतही हलक्या लेन्सचा उपयोग होतो, कारण जागा सारखी बदलता येते. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. ठार मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं तेवढं दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, त्याला दिसत राहील असं जायचं. कान पुढे वळले की त्याचं लक्ष आपल्याकडे आहे, मागे चपटे पडले की थांबायचं. बॉडीचं शटर आवाज न करता चालवता येतं, त्याचा फायदा मला नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या शिंगराजवळ झाला. घोडी चरत राहिली, एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

आता आषाढ. ज्ञानोबा माऊलींच्या पालखीतल्या गोल रिंगणात दोन अश्व धावतात, एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा. तो मोकळा घोडा माऊलींचा. तो पुढे निघाला की टाळ-मृदंगाचा आवाज असा चढतो की शटर पडलं की नाही हे हातालाच कळावं लागतं. धाव संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. फोटो दोन्हीचे हवेत, धावेचे आणि मातीचे. १०० ते ४०० हा पल्ला इथे फार कामाचा: ३५० वर घोड्याचा धाव घेतलेला चेहरा, आणि पुढच्या क्षणी १०० वर वाकलेली पाठ आणि हात. जागा सोडायची सोयच नसते, त्यामुळे लेन्स बदलणं विसराच.

पण उजेड नसतो. एफचा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून उजेड कमी येतो. तीनशे एमएमच्या आसपास ही लेन्स एफ ७.१ वर येते आणि चारशेला एफ ८. भरून आलेल्या आभाळाखाली धावत्या घोड्यासाठी शटर १/१२५० सेकंद ठेवलं की आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० ते ६४०० मध्ये ठेवावी लागते आणि ती वाढली की फोटोत दाणे येतात. २४ मेगापिक्सेलच्या या सेन्सरवर ६४०० मला चालतो. पांढऱ्या घोड्यावर दाणे दिसतात, पण मानेवरचे केस पुसले जात नाहीत. छापायला ठीक, पण फोटोचा भाग कापून मोठा करायला नाही. म्हणून पावसाळ्यात चौकट जागेवरच नीट लावा. नंतर कापून घेऊ म्हणालात तर दाणेच हाती लागतील.

दौडीबद्दल एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे माझी फोटोंची निवड सुधारली. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले. चारही पाय जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्यातून दिसलं. जुन्या चित्रांत दाखवतात तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना ते होत नाही. भरधाव घोडा सेकंदाला साधारण दोन-सव्वादोन ढांगा टाकतो. कॅमेरा मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १२ फोटो घेतो, म्हणजे एका ढांगेचे पाचेक फोटो मिळतात आणि पाय गोळा झालेला क्षण त्यात बहुधा असतोच. इलेक्ट्रॉनिक शटरवर ४० मिळतात, पण ते शटर चौकट वरून खाली वाचत जातं, त्यामुळे वेगात फिरणारे पाय आणि चाकं किंचित तिरकी होऊ शकतात. मी धावेला मेकॅनिकलच वापरते.

फोकसबद्दल थोडक्यात. आर६ मार्क टूच्या प्राणी ओळखण्यात कुत्री, मांजरं, पक्षी यांच्यासोबत घोडे आहेत. बैल त्या यादीत नाही, पण पोळ्याला झूल, बेगड आणि गोंड्यांनी मढलेल्या बैलाचंही डोकं कॅमेऱ्याने बहुतेक वेळा धरलं. मेंढरांच्या कळपात मात्र ही सोय बंद करावी. शेकडो तोंडांतलं कुठलं हवंय हे माझं मलाच माहीत, तिथे एक छोटा चौकोन हाताने ठेवणं बरं.

मार्गशीर्षात तापीकाठच्या सारंगखेड्याला गेले. दत्तजयंतीच्या यात्रेतला हा घोडेबाजार थंडीत भरतो. सकाळी ऊन कोवळं आणि तिरकं असतं, खरारा चाललेला असतो, अंगावरून उडालेली धूळ उन्हात चमकते. या लेन्सचं सोनं इथे झालं. मारवाडी घोड्याचे आत वळून टोकं जुळवणारे कान, पंचकल्याण घोड्याचे चार पांढरे पाय आणि कपाळ, ठिपक्या-पट्ट्यांचा अबलख, तांबूस कुम्मैत, पांढरा नुकरा, सगळं एका रांगेत. नुकरा गर्दीच्या गडद पार्श्वभूमीवर उभा असला की कॅमेरा त्याला पांढराफटक करतो, म्हणून मी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, म्हणजे फोटो जरा गडद ठेवते.

तिथल्या एका व्यापाऱ्याने मला जे सांगितलं ते घोड्याच्या फोटोविषयी मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य आहे. मी घोडीच्या चेहऱ्याचे फोटो काढत होते. तो म्हणाला, “ताई, नुसतं तोंड नका घेऊ. अख्खी उभी घ्या, चारी पाय सुटे दिसले पाहिजेत. गिऱ्हाईक पाय बघतंय.” मग त्यानेच लगाम धरून तिला आडवी उभी केली, जवळचे दोन पाय थोडे फाकवून, पलीकडचे दोन आत, मान वर. मी मागे सरकले, गुडघ्यावर बसून कॅमेरा घोडीच्या छातीच्या उंचीला आणला आणि २०० च्या पुढे गेले. जवळून १०० वर घेतलं असतं तर डोकं मोठं आणि पुठ्ठे बारीक दिसले असते. लांबून घेतल्यावर ती होती तशी आली. तो फोटो त्याने तिथेच मागून घेतला आणि पाचएक जणांना पाठवून दिला.

आणखी एक गुण फारसा कुणी सांगत नाही. चारशेवर साधारण एक मीटर अंतरावरून ही लेन्स ०.४१ पट मोठं चित्र देते. बाजारात नालबंद बसलेला असतो. मांडीवर खूर घेऊन तो कानशीने कडा घासतो, तोंडात धरलेला खिळा काढतो, नाल बसवतो, खिळ्याचं बाहेर आलेलं टोक वळवून मोडतो. त्याच्या हाताच्या कामात न लुडबुडता मला त्या खुराच्या कडेवरच्या रेघा, खिळ्यांची ओळ, नखांत भरलेली काळी पूड सगळं मिळालं. घोड्याच्या गळ्यावरचा देवमण नावाचा केसांचा भोवरा जाणकार लोक बोटाने दाखवतात. तोही असाच टिपला. दुसरी मॅक्रो लेन्स नेण्याची गरज पडली नाही.

वाड्यांवरची घोडी वेगळी. ठेंगणी, काटक, बिऱ्हाड वाहणारी. भीमथडी घोड्याची आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. बाजारातल्या देखण्या घोड्यांचे फोटो सगळेच काढतात. ज्या घोडीच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि वर एखादं लेकरू असा अख्खा संसार चालतो, तिचे फोटो कमी आहेत. वाड्यावरचा सगळ्यात सुंदर वेळ म्हणजे मेंढरं परत येतात तो, सूर्य बुडल्यानंतरचा. तिथे ही लेन्स थकते. चारशेवर १/२५० ठेवलं तर आयएसओ २५,६०० ला जातो. स्टॅबिलायझर हात स्थिर करतो, मेंढरू नाही. मी त्या वेळेला आरएफ ८५ एफ २ ही जास्त उजेड घेणारी लेन्स लावते आणि चार पावलं पुढे जाते.

चैत्रापासून पुन्हा हिचं राज्य. पुणे जिल्ह्यातल्या घाटात घोडी पुढे, मागे चार बैल, आणि बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की काही सेकंदांत सगळं संपतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यापासून जत्रांतल्या शर्यती पुन्हा भरतायत. लख्ख उन्हात एफ ८, १/१६००, आयएसओ ४०० च्या आसपास; उजेडाची चिंताच नाही. उन्हाचा त्रास वेगळा: दहानंतर नांगरटीवरून वाफा निघतात आणि लांबचं काहीही पाण्यात हलल्यासारखं मऊ येतं. लेन्स कितीही महाग असली तरी हे होणारच. सकाळी लवकर जा किंवा जवळ जा.

लेन्सला पाणी-धूळ रोखणारं सील नाही आणि झूम करताना नळी बाहेर येते. धुळीत मी नळी आत घेण्याआधी ब्लोअर मारते, आषाढात साधं रेनकव्हर चढवते, आणि सारंगखेड्याला दिवसभर लेन्स बॉडीवरून काढतच नाही.

घ्यायची असेल तर हूड, म्हणजे तिरकं ऊन अडवणारी पुढची कड, डब्यात येत नाही, ईटी-७४बी सोबतच मागवा. कोवळ्या तिरक्या उन्हात तो लागतोच. १.४ चा एक्स्टेंडर, म्हणजे लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड, हिला बसतो, पण चारशेला एफ ११ होतं. आषाढात तेवढा उजेड नसतो आणि वैशाखात तेवढ्या लांबचं वाफांमुळे साफ येत नाही, त्यामुळे गावाकडच्या कामाला तो घेऊ नका. ते पैसे ८५ साठी ठेवा.